बाबासाहेबांना घटना समितीत पाठविणारी माणसे आपल्या शेजारी राहतात!

आज एक कबुली देऊन लेखाला सुरुवात करतो. मी नोकरीने कारकून. बी.कॉम. झालो, टेबल मिळाले, टेबलावर फाईल मिळाली. संध्याकाळी विहारात जातो, मुलांचे फॉर्म भरून देतो, महिला मंडळाच्या बचत गटाचा हिशेब लिहितो. कोणाचे काम अडले की लोक म्हणतात, "भाऊंना विचारा." या गोष्टीचा मला थोडा अभिमानही होता. तो अभिमान एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने उतरविला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तो मुलगा आमच्या कार्यालयाच्या खिडकीपाशी आला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील बंगाली वस्तीतला होता. मराठी आमच्यासारखीच झाडीची बोलत होता. हातात शिष्यवृत्तीचा अर्ज. सगळे रकाने सुंदर अक्षरात भरलेले, फक्त जातीच्या प्रवर्गाचा रकाना कोरा होता. मी विचारले, "जात कोणती?" तो म्हणाला, "नमशूद्र." मी अनुसूचित जातींची यादी काढली. एकोणसाठ जाती वरपासून खालपर्यंत वाचल्या. नमशूद्र नव्हती. मी अर्ज परत केला आणि म्हणालो, "बाबू, ही जात महाराष्ट्रात नाही."

मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काका, जात नाही. पण आम्ही तर आहोत ना?"

मागे रांग होती. मी पुढच्याला बोलावले.

विहारात पेटलेला दिवा

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी सहा डिसेंबर आला. विहारात अभिवादनाचा कार्यक्रम झाला. एका वक्त्यांनी सांगितले की १९४६ साली घटना समितीची निवडणूक झाली, तेव्हा मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना निवडून जाणे शक्य नव्हते. प्रांतिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला होता. त्या वेळी बंगालचे जोगेंद्रनाथ मंडल पुढे आले आणि बाबासाहेब बंगालमधून घटना समितीत गेले.

मंडल यांचे नाव मी पूर्वीही ऐकले होते. तुम्हीही ऐकले असेल. पण वक्ते पुढे म्हणाले, "जोगेंद्रनाथ मंडल हे नमशूद्र समाजाचे होते."

नमशूद्र! माझ्या डोळ्यांसमोर एकदम ती खिडकी आली. ज्या समाजाने बाबासाहेबांना घटना समितीचे दार उघडून दिले, त्याच समाजाच्या पोराला मी यादी दाखवून परत पाठविले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मिळेल ते वाचू लागलो. जे समजले ते आपल्या समाजबांधवांपुढे ठेवतो.

नदीच्या देशातले शेतकरी

खुलना, जेसोर, बरिसाल, फरीदपूर हे जिल्हे आज बांगलादेशात आहेत. तो सगळा नद्यांचा प्रदेश. आपल्याकडे गावाशेजारी नदी असते, तिकडे नद्यांच्या मधोमध गाव असते. पावसाळ्यात शेत, रस्ता, अंगण सगळे पाण्याखाली. बाजाराला होडी, सोयरिकीला होडी, प्रेताला होडी. या दलदलीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ज्यांनी धान पिकविले, ताग काढला, मासे धरले, ते हे नमशूद्र. जमीन त्यांनी कसली, मालकी बहुतेक ठिकाणी दुसऱ्यांची होती.

सवर्ण समाज त्यांना 'चांडाळ' म्हणत असे. सरकारी कागदातही तेच नाव होते. या नावाविरुद्ध त्यांनी मोठा लढा दिला आणि १९११ च्या जनगणनेत 'नमशूद्र' हे नाव मिळविले. त्याच्याही आधी, १८७२-७३ साली, फरीदपूर-बाकरगंज भागातील या लोकांनी एक संपच केला. त्यांच्यातील एका प्रमुखाच्या घरच्या श्राद्धाचे जेवण वरच्या जातींनी नाकारले. तेव्हा हजारो लोकांनी ठरविले की यापुढे त्यांच्या घरी आणि शेतावर कोणी राबायचे नाही. हा बहिष्कार काही महिने चालला. आपला महाडचा सत्याग्रह १९२७ चा. त्याच्या अर्धशतक आधी बंगालच्या दलदलीत शेतमजुरांनी असा हिसका दाखविला होता!

याच समाजात हरिचंद ठाकूर (१८१२-१८७८) झाले. फरीदपूर जिल्ह्यातील ओराकांदी हे त्यांचे ठिकाण. ब्राह्मण पुरोहिताची गरज नाही, संसार सोडून रानात जाण्याची गरज नाही, हाताने काम करावे आणि माणुसकीने वागावे, अशी त्यांची शिकवण. तोच मतुआ पंथ. त्यांचे चिरंजीव गुरुचंद ठाकूर (१८४७-१९३७) यांनी पंथाला शाळेची जोड दिली. १८८० साली ओराकांदीला शाळा काढली आणि पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा, हा आग्रह आयुष्यभर धरला. महात्मा फुले पुण्यात जे सांगत होते, तेच हे पितापुत्र बंगालच्या पाणथळीत सांगत होते.

१९४६ चे ते मतदान

जोगेंद्रनाथ मंडल यांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी बरिसाल जिल्ह्यातील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. शिकून ते वकील झाले. १९३७ च्या निवडणुकीत राखीव नव्हे, तर सर्वसाधारण जागेवरून काँग्रेसच्या उमेदवाराला पाडून आमदार झाले. १९४३ साली त्यांनी बंगालमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा सुरू केली. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत बंगालमधून फेडरेशनचे ते एकटेच निवडून आले.

घटना समितीचे सभासद जनतेच्या थेट मतांनी निवडले जात नव्हते. प्रांतिक विधानसभेचे आमदार मत देत असत. मंडल एकटे होते, एका मताने काय होणार? ते दारोदार फिरले. इतर पक्षांच्या आणि अपक्ष दलित आमदारांना त्यांनी विनविले की पक्ष बाजूला ठेवा, उद्याचा कायदा लिहिताना आपला माणूस तिथे असला पाहिजे. काँग्रेसचा कडवा विरोध असतानाही जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून आले.

१७ डिसेंबर १९४६ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत पहिले भाषण केले, ते बंगालचे प्रतिनिधी म्हणून. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम २९ एप्रिल १९४७ रोजी समितीने मंजूर केले, तेव्हाही बाबासाहेब बंगालचेच सभासद होते. पुढे देशाची आणि बंगालची फाळणी झाली, ती जागा गेली, आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबई प्रांतातून बॅ. जयकरांच्या रिक्त जागेवर निवडले गेले. पण पहिले दार बंगालच्या दलितांनी उघडले, हे विसरून कसे चालेल?

आता आपली बाजू पाहू. आज आपण गोंदिया जिल्हा म्हणतो, तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण सारे भंडारा जिल्ह्याचे. याच भंडारा मतदारसंघातून मे १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे राहिले होते. आपल्या वाडवडिलांनी जिवाचे रान केले, पायी फिरून प्रचार केला. तरीही बाबासाहेब हरले. भंडाऱ्याने त्यांना लोकसभेत पाठविले नाही. बंगालच्या दलितांनी मात्र आठ वर्षे आधी त्यांना घटना समितीत पाठविले होते. आणि नियतीचा खेळ बघा, त्याच लोकांची लेकरे-नातवंडे घरदार गमावून शेवटी आपल्याच भंडारा जिल्ह्यात येऊन वसली!

घर पाकिस्तानात, माणसे छावणीत

फाळणीत खुलना, बरिसाल, फरीदपूर पाकिस्तानात गेले. ज्यांच्याजवळ पैसा होता, कलकत्त्यात नातलग होते, ते आधी निघून गेले. नमशूद्र शेतकरी जागेवर राहिला. शेत पाठीवर बांधून नेता येत नाही. शिवाय त्यांचे नेते मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले होते. इकडे भारताचे कायदामंत्री बाबासाहेब, तिकडे पाकिस्तानचे कायदामंत्री मंडल. गरीब मुसलमान शेतकरी आणि गरीब दलित शेतकरी एकत्र नांदतील, अशी मंडल यांची आशा होती.

ती आशा तीन वर्षेसुद्धा टिकली नाही. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा या नमशूद्र गावावर हल्ला झाला. १९५० च्या सुरुवातीला ढाका, बरिसाल पेटले. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडल यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ते कलकत्त्याला आले. बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या दलितांना १९४७ च्या अखेरीसच भारतात येण्याचे आवाहन केले होते. दोघेही दलितांचे पुढारी, पण एकाचा अंदाज खरा ठरला आणि एकाचा चुकला. त्या चुकीची किंमत मंडल यांनीही मोजली. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते निर्वासितांसाठीच झगडत राहिले, पण पुन्हा एकही निवडणूक जिंकू शकले नाहीत.

१९५० नंतर १९६४ साली पुन्हा दंगे झाले, पुन्हा लोंढे आले. १९७१ च्या युद्धात सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. त्याच वर्षी २० मे रोजी खुलना जिल्ह्यातील चुकनगर येथे भारताकडे निघालेल्या लोकांवर पाकिस्तानी सैन्याने गोळ्या चालविल्या. त्यांतही नमशूद्र मोठ्या संख्येने होते.

उशिरा आलेल्या या गरीब शेतकऱ्यांना पश्चिम बंगालमध्ये जागा नाही, असे सांगण्यात आले. १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. रायपूरजवळच्या माना छावणीत तंबू आणि बराकी उभ्या राहिल्या. तिथून कोणी बस्तरला, कोणी कोरापुटला, कोणी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा-चामोर्शीकडे, तर कोणी आपल्या भंडारा जिल्ह्यात आले. काहींना हे कोरडे रान मानवले नाही. १९७८ साली हजारो कुटुंबे दंडकारण्यातून उठून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेली. तिथल्या सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली, गोळीबार झाला, आणि मे महिन्यात सगळ्यांना हुसकावून लावले. आपल्याच देशात, आपल्याच भाषेच्या राज्यात, त्यांना जागा मिळाली नाही.

गाढवीच्या खोऱ्यात नवे गाव

अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर यांसारखी गावे आहेत. नावावरूनच कळते की ही जुनी झाडीपट्टीची गावे नव्हेत. एका रविवारी मी आणि माझी पत्नी गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो आणि अशाच एका गावात गेलो. ओळखीच्या एका शिक्षकांनी आम्हाला एका आजींकडे नेले. वय सत्तरीच्या आसपास. पायांत चपला नाहीत, हातात शंखाच्या बांगड्या, अंगणात तुळस, दारात मासे धरण्याचे जाळे वाळत घातलेले.

आजी १९६४ साली आठ वर्षांच्या होत्या. खुलना जिल्ह्यातील घरून रात्री होडीने निघाल्या. "बाबाने सांगितलं, रडायचं नाही. रडलं तर आवाज पाण्यावरून दूर जाते." आजींची मराठी अशी आपल्या झाडीची. आईने घरातून भांडी घेतली नाहीत, फक्त मासे कापायची विळी पदराखाली घेतली. पुढे छावणी. तिथे तंबूत त्यांचा धाकटा भाऊ हगवणीने गेला. "इथे आलो तर नदी दिसेना. पळसाचं रान, लाल माती, कुदळ मारली तर ठिणगी उडे. माझा बाबा मातीची ढेकूळ हातात घेऊन म्हणाला, याच्यात धान कसं होईल?"

धान झाले. जंगल तोडून, मुळे खणून, बांध घालून त्यांनी बांद्या तयार केल्या. कोणत्या पावसाला पऱ्हे टाकावे, रोवणी कधी लावावी, हे त्यांना आजूबाजूच्या गोंड, कोहळी, महार, ढिवर शेतकऱ्यांनी शिकविले. १९७० साली गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण पूर्ण झाले आणि पुढे कालव्यांचे पाणी खोऱ्यात फिरू लागले. पाणी आले आणि नदीच्या देशातला हा माणूस जिवंत झाला! बोडीत रोहू-कतला सोडणे, बांधावर भाजी लावणे, कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणे, हे सगळे त्यांच्या अंगवळणी पडले. आज अर्जुनीच्या बाजारात बंगाली बाई भाजी घेऊन बसली नाही, तर बाजार भरल्यासारखा वाटत नाही.

भगिनींसाठी एक गंमत सांगतो. माझ्या पत्नीने आजींच्या चुलीजवळ बसून विचारपूस केली. आपण ज्या लाखोळीची डाळ खातो, तीच त्यांच्याकडे 'खेसारी'. आपण रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी मीठ-कांद्यासोबत खातो, तोच त्यांचा 'पांता भात'. गरिबाची न्याहारी बरिसालात आणि बोंडगावात एकच! मासे मात्र त्या मोहरी वाटून करतात. पत्नीने कृती विचारून घेतली आणि आता आमच्या घरी दर पंधरा दिवसांनी तसे मासे होतात. ती आईची विळी आजही त्यांच्या घरात आहे. पाते झिजून बोटाएवढे राहिले, पण टाकलेले नाही.

याच तालुक्यात गोठणगावकडे गेलात तर नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत लागते. चीनने तिबेट घेतला, १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो तिबेटी आले. त्यांपैकी काहींना १९७२ साली इथे वसविले. बर्फाच्या देशातले हे बौद्ध बांधव झाडीपट्टीच्या उन्हात शेती करतात आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. एकाच तालुक्यात दोन देशांतून उजाड झालेली माणसे घर बांधून राहिली आहेत. आपण बुद्धाची करुणा रोज वंदनेत म्हणतो. ती वापरायची कुठे, हे शोधायला दूर जायला नको.

एका रकान्यासाठी

शेत मिळाले, घर झाले, मुले शिकली. मग अडले कुठे? अडले त्या कोऱ्या रकान्यात.

घटनेच्या कलम ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते. पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा या राज्यांच्या यादीत नमशूद्र आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही, कारण १९५० साली यादी झाली तेव्हा हे लोक महाराष्ट्रात नव्हतेच. एका राज्यात अनुसूचित असलेली जात दुसऱ्या राज्यात आपोआप अनुसूचित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९० साली स्पष्ट केले आहे. म्हणजे पश्चिम बंगालमध्ये राहिलेल्या चुलत भावाला दाखला मिळतो आणि सरकारनेच उचलून महाराष्ट्रात आणून सोडलेल्या भावाला मिळत नाही. हे लोक पोटासाठी स्वखुशीने आलेले नाहीत. युद्धाने हाकलले आणि सरकारने पाठविले. त्यात त्यांचा गुन्हा काय?

यादीत भर घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. त्यासाठी राज्य सरकारने शिफारस करावी लागते. त्यावर भारताचे महानिबंधक आणि राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग यांचे मत घेतले जाते आणि मगच विधेयक येते. म्हणजे माझ्यासारख्या कारकुनाच्या हातात ते नाही, हे खरे. पण त्या मुलाला "तुझी जात महाराष्ट्रात नाही" असे म्हणण्याऐवजी "बस बाबू, हे असे का आहे ते सांगतो" म्हणणे तर माझ्या हातात होते!

वाटेकरी की भाऊ?

ही गोष्ट मी विहारात मांडली, तेव्हा एक ज्येष्ठ समाजबांधव उठून म्हणाले, "आपल्याच पोरांना जागा पुरत नाहीत. तेरा टक्क्यांत आणखी वाटेकरी कशाला?" सभेत काही माना डोलल्या. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचे पोर पदवी घेऊन घरी बसले आहे, त्याला ही भीती वाटणारच. पण या भीतीला उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट, आपण स्वतः या रांगेत उभे राहिलेलो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या सवलतींतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने १९६० साली राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडले. चौतीस वर्षे! त्या चौतीस वर्षांत आपल्या बापांनी कितीतरी खिडक्यांवर ऐकले असेल की "तुम्ही आता यादीत नाही." तेव्हा आपल्याला जे लागले, ते दुसऱ्याला लागते तेव्हा आपण माना डोलवायच्या का?

दुसरी गोष्ट, ताट लहान आहे म्हणून भावाला उपाशी ठेवणे हा मार्ग नव्हे. ताट मोठे करा म्हणून दोघांनी मिळून मागणे हा मार्ग आहे. यादीत माणसे वाढली तर लोकसंख्येच्या प्रमाणात टक्काही वाढवा, ही मागणी त्यांच्या शिफारशीबरोबरच करता येते. रिक्त जागा भरा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, वसतिगृहे वाढवा, या मागण्या त्यांच्या आणि आपल्या एकच आहेत.

आणि तिसरी गोष्ट. १९४६ साली बंगालच्या त्या आमदारांनी विचार केला असता की "हा मुंबईचा माणूस, बंगालच्या जागेत हा वाटेकरी कशाला?" तर? त्यांनी तसा विचार केला नाही. प्रांत पाहिला नाही, भाषा पाहिली नाही. हे सांगितल्यावर सभा शांत झाली. ते ज्येष्ठ बांधव शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. जाताना मात्र त्यांनी मला विचारले, "त्या गावाला पुढच्या वेळी जाशील, तर मला सांग."

आपण काय करू शकतो?

मोठ्या गोष्टी मोठ्यांनी कराव्यात. पण प्रत्येक विहाराला आणि महिला मंडळाला जमतील अशी काही कामे आहेत.

एक, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला शेजारच्या बंगाली वस्तीला निमंत्रण द्या, आणि २९ जानेवारीला जोगेंद्रनाथ मंडल यांची जयंती आपल्या विहारात करा. मुलांना सांगा की हा माणूस कोण होता.

दोन, आपल्यातील जे कर्मचारी कार्यालयात बसतात, त्यांनी या मुलांना नुसते परत पाठवू नये. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि इतर कोणत्या योजना खुल्या आहेत ते समजावून सांगावे. कुठल्याच आरक्षणात नसलेल्या कुटुंबांसाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाचे दहा टक्के आहेत. पण केंद्राच्या नियमात पाच एकर किंवा त्याहून अधिक शेती असलेले कुटुंब बसत नाही, तेव्हा सातबारा नीट पाहूनच अर्ज करायला सांगावे.

तीन, यादीत समावेशाच्या त्यांच्या मागणीला आपल्या संघटनांनी लेखी पाठिंबा द्यावा. ग्रामसभेचा ठराव आणि आमदार-खासदारांना निवेदन हे आपल्याला शिकवावे लागत नाही, आयुष्यभर तेच करीत आलो आहोत.

चार, भगिनींनो, त्यांच्या बायकांना आपल्या बचत गटाच्या मेळाव्याला बोलवा. त्यांच्याकडून मासे आणि भाजीपाल्याचा धंदा शिका, त्यांना बँकेचे कागद शिकवा. ओळख ही चुलीजवळ होते, सभेत नंतर होते.

त्या मुलाचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. मी त्याला शोधले. गावात चौकशी केली तेव्हा कळले की शिक्षण सोडून तो हैदराबादकडे बांधकामावर गेला. त्याची आई दारात उभी होती. मी कोण, हे मी तिला सांगितले. ती रागावली नाही. तिने पाट दिला, मुरमुरे आणि चहा दिला, आणि म्हणाली, "धाकटी मुलगी आहे, बाबू. दहावीला आहे. तिचा अर्ज भरून द्याल का?"

मी तिथेच पाटावर बसून तो अर्ज भरला. सगळे रकाने भरले. प्रवर्गाचा रकाना याही वेळी कोराच ठेवावा लागला. तो भरायला माझे एकट्याचे पेन पुरणार नाही, आपल्या सगळ्यांचे लागेल.

जय भीम!